सम तारखेची सायकल

स्तारी झावोद,
२ जुलै, मंगळवार

आदरणीय रोस्तिस्लाव आर्सेन्येविच, अर्थात आमचा रोस्तिक यास,

तुला, एम्माला आणि दारात पाऊल टाकलं की पोटरी धरणाऱ्या तुमच्या कुत्र्याला तुझ्या थोरल्या चुलतभावाचा भरघोस (आणि किंचित बिचकत केलेला) नमस्कार. अकरा महिन्यांनी का असेना, पण थोरला. तू हे विसरतोस म्हणून आरंभीच लिहून ठेवलं. तुझा रक्तदाब कसा आहे? एम्माचे गुडघे जिना चढू देतात का? तुमच्या सारातोवला यंदा उन्हाने कहर केलाय असं टीव्हीवर सांगतात, तेव्हा दुपारचं बाहेर पडू नकोस आणि पडलास तर टोपी घाल, कारण तुझ्या डोक्यावर निसर्गाने आता काही शिल्लक ठेवलेलं नाही. आमच्याकडे सर्व खुशाल. फक्त माझा डावा पाय गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये आहे. काळजीचं कारण नाही. हाड एकाच जागी मोडलंय, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या की या वयात इतकं सरळ मोडलेलं हाड त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी त्यांना म्हणालो, आमच्या घराण्यात सगळं सरळच असतं. पायाचं कसं झालं ते पुढे येईलच.

आधी मुद्दा. चोवीस ऑगस्टला मला साठ पूर्ण होतात. मी तुला चार पानी आमंत्रण धाडलं आणि तुझ्याकडून लिलीच्या फुलांचं एक कार्ड आलं: ‘तब्येतीमुळे जमेलसं वाटत नाही. एम्मा नमस्कार सांगते. रो.’ अरे, ‘रो’ ही काय सही झाली? मीटर वाचायला येणारा माणूससुद्धा याहून मोठी सही करतो. आणि तब्येतीचं कारण तू एम्माच्या माहेरच्यांना सांग. तू का येत नाहीस ते मला पक्कं ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी माझ्या पंचावन्नाव्याला मी पेला उंचावून सायकलीची गोष्ट सांगितली (पन्नासाव्याला सांगितली होती, मुलीच्या लग्नात सांगितली होती, आणि तुझ्या वडिलांच्या, आर्सेनीकाकांच्या, मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातही सांगितली होती, जिथे ती नको होती असं झोया आजतागायत म्हणते). गोष्ट तीच: चौथीतला रोस्तिक पाचवीतल्या झोयावर, म्हणजे आता माझ्या बायकोवर, लट्टू झाला आणि तिने आपल्याकडे एकदा वळून बघावं म्हणून त्याने आम्हा दोघांच्या मालकीची सायकल शाळेच्या भंगारात घातली. सगळे हसले. तू काटा खाली ठेवलास, टोपी घेतलीस आणि स्टेशनवर निघून गेलास. ताटात कोबी भरून भाजलेला पिरोग तसाच. तेव्हापासून वर्षाला एक नववर्षाचं कार्ड, आणि आता हे ‘रो’. मला साठावा वाढदिवस तुझ्याशिवाय नको आहे. एवढं आत्ताच स्वच्छ लिहून टाकतो, कारण पुढे मी भरकटणार आहे.

पण सायकल काय होती, रोस्तिक! ओर्ल्योनोक! गरुडाचं पिल्लू! नुसतं नाव उच्चारलं तरी माझी पाठ आपोआप ताठ होते (सध्या डॉक्टरीणबाईंनीही ती ताठच ठेवायला सांगितली आहे). पिकल्या चेरीचा रंग, त्यावर पांढरी बारीक रेघ, आणि घंटी अशी की पलीकडच्या काठावरच्या बायका धुणं टाकून बघायच्या. तोवर आपण बाबांच्या मोठ्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून कैची मारत होतो, अंगाचा निम्मा भाग एका बाजूला आणि निम्मा दुसऱ्या बाजूला. आपल्या आळीत कमरेत वाकडं नसलेलं पोर सापडत नसे. आणि एका वसंतात दुकानात तीन ओर्ल्योनोक आल्या. आर्सेनीकाका सकाळपासून रांगेत उभे, दुपारी माझे बाबा कारखान्यातून तसेच तेलकट हातांनी त्यांच्या जागी उभे राहिले, आणि दोघा भावांच्या हाती शेवटची एक लागली. एक सायकल आणि पोरं दोन. सीटखालची ती चामड्याची पिशवी तुला आठवते? तिच्यात एक पाना, रबराचा तुकडा आणि सोल्यूशनची ट्यूब. आपण आळीपाळीने नाक खुपसून तिचा वास घ्यायचो. नंतर मी चामड्याचे बूट घेतले, जाकीट घेतलं, एकदा मिन्स्कच्या प्रदर्शनात खऱ्या चामड्याच्या कोचावर बसलो, पण तसा वास कुठेही आला नाही. आणि आऱ्यांत पत्ता अडकवून काढलेला तो फटफटीचा आवाज! पत्ता काकांच्या जोडातला. उन्हाळाभर दोघे भाऊ, शेजारचा फिटर आणि टपालवाला छत्तीसऐवजी पस्तीस पत्त्यांनी ‘दुराक’ खेळत होते आणि किलवरचा गुलाम नेहमी आपल्यालाच कसा येत नाही म्हणून एकमेकांवर संशय घेत होते. ऑगस्टमध्ये फिटरने टपालवाल्याच्या बाहीत हात घातला तेव्हा कुठे पत्ते मोजले गेले.

वाटणी माझ्या बाबांनी केली, आणि ते कामगार संघटनेत होते म्हणून कागदावर केली: विषम तारखा व्हेन्याच्या, म्हणजे माझ्या, सम तारखा रोस्तिकच्या, लाकडाच्या कोठीची किल्ली रोज सकाळी सात वाजता जिन्यात एकाकडून दुसऱ्याकडे. तू चौथीत असूनही तुझ्या लक्षात आलं की एकतीस विषम आणि एकही विषम, म्हणजे वर्षातून सात वेळा मला लागोपाठ दोन दिवस मिळतात. तू रडत बाबांकडे गेलास. बाबा म्हणाले, “बाळा, दिनदर्शिका मी केलेली नाही.” आणि पुढच्याच वर्षी लीप वर्ष आलं! एकोणतीस फेब्रुवारीला गुडघाभर बर्फातून मी ती सायकल खांद्यावर घेऊन अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, केवळ हक्क म्हणून. तू खिडकीतून बघत होतास. खरं सांगतो, मी आयुष्यात मोटारी चालवल्या, कारखान्याची क्रेन चालवली, एकदा रणगाड्यातही बसलो, पण ती एकोणतीस तारीख ती एकोणतीस तारीख.

आता पायाचं. आमची नात उल्याना सुट्टीला आली आहे आणि तिच्याकडे एकवीस गिअरची सायकल आहे. पंधरा जूनला, शनिवारी (विषम तारीख, माझीच), फाटकापाशी बसून मी तिला ओर्ल्योनोकबद्दल सांगत होतो. ती म्हणाली, “आजोबा, तुम्हाला खरंच सायकल येते का?” सांग, हे ऐकून कुठला माणूस बसून राहील? झोया बागेतून ओरडली, “व्हेन्या, उतर खाली, तुझा खांदा आधीच निखळलेला आहे!” पण तोवर मी उताराला लागलो होतो. तोच उतार रे, आपल्या घरापासून चुसोवाया नदीपर्यंतचा. वारा कानात शिरला, शर्ट फुगला, लोक कुंपणापाशी येऊन बघायला लागले, आणि मी पुन्हा अकरा वर्षांचा झालो. तळाशी आल्यावर मी थांबायचं ठरवलं आणि आपण थांबतो तसा थांबलो, म्हणजे पेडल उलटं दाबलं. रोस्तिक, पेडल फिरलं! उलटं, गरगर, कसलाही अडथळा न येता, चरख्यासारखं! आपल्या सबंध पिढीला पायाने थांबायचं शिकवलं आणि या लोकांनी ब्रेक हाताला नेऊन बसवले. मागून उल्याना किंचाळत होती, “हाताने, आजोबा, हाताने दाबा!” मला वाटलं ती हात हलवून प्रोत्साहन देते आहे, म्हणून मीही तिला हात हलवून दाखवला.

उताराच्या तळाशी आता शेजारच्या तिखोनने नवीन वाफेचं स्नानघर बांधलंय, आणि शनिवार हा स्नानाचा दिवस असल्यामुळे त्याचं दार वाफ निघून जायला उघडं होतं. मी दारातून आत गेलो. बाहेरच्या खोलीतलं बाक, आंबवलेल्या पावाच्या पेयाची, क्वासची, बरणी आणि तिखोनच्या बायकोने, फाईना कुझ्मिनिच्नाने, घडी करून ठेवलेले टॉवेल यांच्यातून मार्ग काढत मी आतल्या दारावर जाऊन आदळलो. ते दार उघडून तिखोन बाहेर आला. अंगावर लोकरीची टोपी आणि हातात अंगावर मारून घ्यायची भूर्जाची डहाळी, बाकी काही नाही. माझ्याकडे बघून तो म्हणाला, “व्हेनियामिन माकारोविच, निदान ठोठावायचं तरी.” फाईनाबाई मात्र तिखोनसारख्या शांत प्रकृतीच्या नाहीत. “साठीचा घोडा झाला,” त्या म्हणाल्या, “आणि आमच्या बरणीवर शर्यती लावतो!” तरी पण एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. मी जमिनीवर पडलो होतो, पाय वाकडा झाला होता, डोक्यावरून क्वास गळत होता, पण दोन्ही हात हँडलवर होते आणि हँडल सरळ होतं. चाकाला बाक नाही, आरा तुटला नाही. उल्यानाने सगळं फोनवर टिपलंय आणि गावातल्या चारशे माणसांनी ते पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी मला भेटून सांगितलं की वळणावरची बैठक फार सुरेख होती.

प्लास्टरमध्ये पडल्यापडल्या मला ते १९७६ चं भंगार रोज आठवतं. तू लहान होतास, पण तुलाही आठवत असेल. निनेल बोरिसोव्ना, आपल्या शाळेतल्या पायोनियर बालपथकाच्या ताई, प्रार्थनेऐवजी रोज सांगायच्या की सायबेरियात बैकालपलीकडे नवी रेल्वे बांधली जात आहे आणि तिला लोखंड हवं आहे. बावीस एप्रिलला शेवटचं वजन, जो वर्ग पहिला येईल त्याला लाल पताका. बस! आळीत एकाही माणसाचं लोखंड सुरक्षित राहिलं नाही. पाचवी ‘अ’वाल्यांनी एका नवऱ्या मुलीचा पलंग नेला, आणि ती अजून नवरी झालीही नव्हती. आम्ही पाचवी ‘ब’वाल्यांनी एक न्हाणीचा टब ओढून आणला, त्यातला साबणाचा फेस अजून ओला होता. अंगण झाडणाऱ्या प्रास्कोव्याबाई गटाराच्या झाकणावर खुर्ची टाकून दोन दिवस तिथेच बसल्या, जेवण त्यांना तिथेच पोचवलं जाई. सहावी ‘अ’चा ढीग सर्वांत उंच दिसत होता म्हणून मुख्याध्यापक कौतुकाने जवळ गेले आणि त्यांना त्यात शाळेचंच फाटक सापडलं, दोन्ही दारांसकट. आणि एवढी मेहनत करून बावीस तारखेला सकाळी आम्ही पाचवी ‘अ’च्या नऊ किलो मागे!

पुढे काय झालं ते साऱ्या घराण्याला ठाऊक आहे. बावीस ही सम तारीख. सायकल तुझ्या ताब्यात, किल्ली तुझ्या खिशात. संध्याकाळी कोठी रिकामी निघाली आणि पाचवी ‘ब’च्या दारावर पताका झळकत होती, साडेचार किलोंनी जिंकलेली. आज मी एवढंच म्हणतो की जाऊ दे. पोरवयात माणूस चुकतो. मी तुला केव्हाच माफ केलेलं आहे आणि तेच या पत्राने कळवतो आहे. उलट मला आता अभिमानच वाटतो: बैकालपलीकडे कुठेतरी, तैगाच्या गर्द झाडीत, रुळाचा हातभर तुकडा आपल्या ओर्ल्योनोकचा आहे, आणि त्याच्यावरून दिवसातून चाळीस गाड्या जातात. कुठल्या दोन भावांची सायकल इतकी कामाला आली असेल? तेव्हा झालं गेलं चुसोवायाला मिळालं. तू ये. तुला खिडकीजवळची खोली देतो. उल्यानाची सायकल आहे, ती मी कुलूप लावून ठेवली आहे, पण तुला देईन.

एम्माला आदराने, कुत्र्याला लांबूनच. चोवीस तारखेला स्टेशनवर कुबडीनिशी उभा राहणारा,

तुझा थोरला भाऊ
व्हेन्या

ता. क. येताना व्होल्गेचा वाळवलेला मासा आण. इथे मिळतो तो मासा नव्हे, ती चपलेची वादी.

ता. क. २. वरचं पत्र पुन्हा वाचून पाहिलं. छान उतरलंय. सायकलीचा भाग तर फारच छान. त्यात एकच दुरुस्ती आहे.

सायकल मी घातली. दुसरा तास सुटल्यावर कोट ठेवायच्या खोलीत गेलो, तुझ्या कोटाच्या उजव्या खिशातून किल्ली काढली, घरी पळत जाऊन सायकल आणली आणि तिसऱ्या तासाआधी किल्ली जागेवर ठेवली. नऊ किलो कमी होते, वर्गाच्या इभ्रतीचा प्रश्न होता, आणि त्या अर्ध्या तासात सबंध देशात माझ्याएवढा ताठ मानेचा मुलगा नव्हता. मग संध्याकाळ झाली. बाबांनी विचारलं, “आज तारीख काय?” मी म्हणालो, “बावीस.” एवढंच बोललो मी, रोस्तिक, आणि ते खरं होतं. तू एकदाच म्हणालास, “मी नाही,” आणि माझ्याकडे बघितलंस. मी सूपमध्ये बघत होतो. काकांनी पट्टा काढला. उन्हाळाभर तुला आजीकडे बीट निंदायला पाठवलं आणि माझा फोटो शाळेच्या फलकावर लागला. तू पुन्हा ‘मी नाही’ असं कधी म्हणाला नाहीस, त्यामुळे मला वाटायला लागलं की तसंच झालं असेल. मी ही गोष्ट इतक्यांदा सांगतो याचं कारण मी थांबलो तर दुसरं कुणी सांगेल ही भीती आहे. काका गेले तेव्हाही त्यांना तूच वाटत होतास. त्यांच्याच जेवणात मी उठून ते हसत हसत सांगितलं. याची मला लाज वाटते. आलास तर सगळ्यांसमोर उभा राहून (राहता आलं तर) खरं सांगेन. नाही आलास तरी सांगेन, पण तू तिथे नसलास तर सांगायचं कुणासाठी?

मासा नाही आणलास तरी चालेल.

रोस्तिक, मी झोया. हे चौथं पत्र. आधीची तीन त्याने दुसऱ्या ताजा कलमापाशी आल्यावर फाडली. आत्ता तो जेवून घोरतोय, आणि पाय मोडल्यामुळे पोस्टात जाणं माझ्याकडे आहे, म्हणून हे मी पाकिटात घालते आहे.

वर्गाच्या इभ्रतीचं त्याने लिहिलंय त्यावर जाऊ नकोस. भंगाराच्या वजनकाट्यापाशी मी बसले होते. हा घामाघूम होऊन सायकल घेऊन आला, ती वर ठेवली, आणि काटा कुठे जातो ते न बघता माझ्याकडे बघत राहिला. मीही बघितलं. पुढचा सगळा संसार त्यातून झाला, त्यामुळे मी त्याला नावं ठेवायची नाही. पण तोंड मीही उघडलं नाही. आमच्या अख्ख्या वर्गाने ते पाहिलं होतं. तो पेला घेऊन उठतो आणि ती गोष्ट सुरू करतो तेव्हा आम्ही सगळे खाली मान घालून खात असतो. उठून गेलास तो एकटा तू.

आणखी एक. तुझ्या वडिलांना मी सांगितलं होतं, त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात, दवाखान्यात. ते म्हणाले, “मला त्याच दिवशी कळलं होतं, सूनबाई. व्हेन्याने सूपला हात लावला नव्हता. पण मी पट्टा आधीच काढला होता, आणि मग परत कसा घालायचा ते मला कळेना. माझ्या पोराला सांग.” त्यांनी सांगायला सांगितलं त्याला नऊ वर्षं झाली. नवऱ्याची लाज राखायची म्हणून मी ते तुझ्यापर्यंत पोचवलं नाही. ते आज पोचवते आहे.

ये. या वेळी जेवणात बोलणार मी आहे, आणि तो गप्प बसून ऐकणार आहे.